ब्रॉन्झर लावावा, पण लावलेला दिसू नये

मुंबईत ऊन फुकट मिळते आणि ते टाळण्यासाठीच आपण छत्री उघडतो. मग उन्हात रापल्याची छटा देणारे ब्रॉन्झर हे प्रसाधन आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला कशाला हवे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मात्र त्वचेचा रंग एकसारखा करणाऱ्या फाउंडेशनचा थर बसला की चेहऱ्यावरचे मूळचे रंगभेद बुजतात आणि चेहरा सपाट दिसू लागतो. त्याचा हरवलेला तजेला परत आणणे एवढेच ब्रॉन्झरचे काम आहे. गालफडे कोरल्यासारखी दाखवण्यासाठी कॉन्टूर असतो, त्याचा रंग सावलीसारखा करडा-तपकिरी असतो आणि तो ब्रॉन्झरच्या जागी वापरला की चेहरा आजारी दिसतो.

खरी कसोटी शेड निवडताना लागते. आपल्या रंगाहून एक, फार तर दोन छटा गडद शेड पुरते. गोऱ्या त्वचेसाठी बनवलेला ब्रॉन्झर सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा दिसतो, म्हणून सावळ्या रंगाला तांबूस किंवा तांब्याकडे झुकणारा तपकिरी घ्यावा. गव्हाळ, पिवळसर त्वचेला मधासारखा सोनेरी तपकिरी शोभतो आणि नारिंगी झाक असलेला तर कोणीच घेऊ नये. दादरच्या किंवा वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरील दुकानात दिव्यांच्या झगमगाटात सगळ्याच शेड्स चांगल्या वाटतात, तेव्हा टेस्टर मनगटाऐवजी जबड्याच्या कडेला लावून सरळ दुकानाबाहेर यावे आणि दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. आयात केलेला माल असेल, तर वेष्टनावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही तपासावे. चमकी असलेला ब्रॉन्झर मी सुचवणार नाही, कारण आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत घामाची चमक आपोआप येतेच.

त्वचा तेलकट असल्यास पावडर आणि कोरडी असल्यास क्रीम बरे. आधी सनस्क्रीन लावून ते मुरू द्यावे. ब्रॉन्झर त्याची जागा घेत नाही. क्रीम ब्रॉन्झर चेहऱ्याला लावायच्या साध्या पावडरीच्या आधी लावावा, नंतर लावल्यास त्याचे डाग पडतात. पावडर ब्रॉन्झरसाठी मोठा, मऊ, मोकळ्या केसांचा ब्रश घेऊन तो डबीत हलकेच टेकवावा आणि जादा भुकटी झटकून टाकावी. ऊन चेहऱ्यावर जिथे आधी पडते, तिथेच ब्रश फिरवायचा असतो: कपाळाच्या कडेने केसांच्या रेषेलगत, तिथून गालाच्या हाडावर आणि पुढे जबड्याच्या कडेला. हा मार्ग शेपूट नसलेल्या ३ सारखा होतो, दुसऱ्या बाजूला तोच आरशातल्यासारखा उलटा. नाकाच्या दांड्यावर ब्रशवर उरलेली भुकटी पुरे. कडा मात्र गोल-गोल फिरवून पूर्ण विरघळवाव्यात आणि एक हात मानेवरूनही फिरवावा, नाहीतर चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची होते. लग्नसमारंभांच्या फोटोंत हे दृश्य इतक्यांदा दिसते की त्याची आता सवयच झाली आहे.

शेवटी खिडकीपाशी उभे राहून आरसा हातभर लांब धरावा. पट्टा दिसत असेल, तर वरून फाउंडेशन न थापता स्वच्छ, कोरड्या ब्रशने तो पुसट करावा. पुढे लोकलच्या गर्दीत घाम आलाच, तर रुमाल चोळू नये, नुसता टिपावा.