हसू अडतं कुठं? सांगलीत विनोद करायला उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी

"ताप आला की नवरा विचारतो, किती आहे? मी म्हणते, एकशे दोन. तो म्हणतो, मग जास्त काही करू नकोस, पिठलंच टाक."

एवढाच विनोद. विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात तो मी पहिल्यांदा सांगितला, तेव्हा बायका एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसल्या. "आणि भाकरी कोण थापणार मग?" असं एक मावशी मागून ओरडल्या आणि हॉल पुन्हा हसला. आठ महिन्यांनी तोच विनोद, त्याच शब्दांत, गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवरून सांगितला. कुणी हसलंच नाही.

बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, पोरं मागे मोटारसायकलींवर बसलेली. स्टेजवरून मला पहिल्या तीन रांगा नीट दिसत होत्या. दुसऱ्या रांगेतल्या एका वहिनींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. म्हणजे हसू आलं होतं. पण त्यांची नजर डावीकडे, पुरुषांच्या रांगेत कुणाला तरी शोधत होती. तिकडून एक आजोबा खदाखदा हसले. मग वहिनींचा पदर खाली आला आणि सगळी उजवी बाजू हसली. मध्ये तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात घाबरून मी पुढचं वाक्य सुरू केलं होतं, ते त्या हशात कुणालाच ऐकू गेलं नाही.

तुमच्यासाठी हे लिहायला बसले ते या तीन-चार सेकंदांसाठी. शिवाजी विद्यापीठाच्या यूथ फेस्टिव्हलमध्ये लघुनाटिका आणि नकला गाजवणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. कॉलेज संपलं की त्यातल्या बहुतेक थांबतात. विचारलं तर सांगतात, "बाहेर लोक हसत नाहीत ताई, आपल्याला जमत नसणार." जमतं बाई. बाहेरच्या प्रेक्षकांत सासू, दीर, चुलत सासरे सगळे शेजारी बसलेले असतात, आणि बाईनं नवऱ्यावर केलेल्या विनोदाला हसणं म्हणजे त्या विनोदाला होकार देणं, असं त्या वहिनींना वाटतं. हसायच्या आधी त्या परवानगी बघतात. ती मिळेपर्यंत तुम्ही थांबायचं. मी मनात चार आकडे मोजते, ओठ मिटून, चेहरा मोकळा ठेवून. पहिल्या दहा कार्यक्रमांत हे फार अवघड गेलं. आता जमतं.

बायकांना विनोद जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हादग्याची गाणी आठवायला सांगते. सासरच्या माणसांची त्यात काय काय थट्टा असते! जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचे खेळ, उखाणे, सगळीकडे बाईची जीभ तिखटच. फक्त ऐकणाऱ्याही बायकाच असायच्या. पुरुषांसमोर बाई हे बोलायला लागली की मात्र अडचण होते. एकनाथमहाराजांच्या भारुडातली सून सासरच्या एकेकाचा काटा काढण्यासाठी भवानीआईला नवस बोलते, आणि ते भारूड चारशे वर्षं देवळात बसून लोक आनंदानं ऐकतात. पण ते गायला बहुतेक वेळा साडी नेसलेला पुरुष उभा असतो.

या गोष्टीचं मूळ आपल्या गावातच आहे. विष्णुदास भावेंनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्यात सीताही पुरुषच होता. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुष, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातली सासूही बऱ्याचदा पुरुष. साडीतला पुरुष दिसला की आपला प्रेक्षक लगेच हसतो, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. साडीतली बाई स्वतःचं डोकं चालवून हसवायला लागली की तो आधी सावरून बसतो. पण तमाशानंच दुसरी वाटही दाखवली आहे. सोंगाड्याला तोडीस तोड उत्तर देणाऱ्या बायका तिथे होत्या, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव लावणाऱ्या कांताबाई सातारकर तर पुरुषांच्या भूमिकाही गाजवायच्या. बतावणी, म्हणजे तमाशातली विनोदी सवाल-जवाबांची जुगलबंदी, बघायला मिळाली तर सोडू नका. शब्द कुठं टाकायचा आणि कुठं थांबायचं, हे तिथे शिकता येतं.

सुरुवात कशानं करायची हे मला उशिरा कळलं. आधी मी थेट घरातल्या विषयाला हात घालायचे. आता पहिली दोन मिनिटं नदीवर बोलते. "बाकीच्या गावात पावसाळ्यात विचारतात, कसे आहात? आपल्यात विचारतात, किती फूट झालं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या आठवणीत डाव्या-उजव्या बाजूचा फरक राहत नाही, सगळे एकदम हसतात. (लोकांच्या नुकसानीवर मात्र एक शब्दही नाही. पुरात ज्यांचं घर गेलं ते समोर बसलेले असतात.) एकदा सगळे मिळून हसले की पुढे पिठल्याच्या विनोदाला वहिनी डावीकडे कमी बघतात. हे मी अनेकदा पडताळून पाहिलंय.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते सांगते. त्या गणपतीच्या कार्यक्रमात माझ्याबरोबर एक सहकलाकार होते, नकला करणारे. चांगला माणूस. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे एक पदाधिकारी आले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "तो तापाचा, पिठल्याचा विनोद भारी होता हं तुमचा." मी शेजारीच उभी होते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसंच आठवत होतं. पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी २०११ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १६ पुरुष आणि १६ स्त्रियांनी व्यंगचित्रांखाली ओळी लिहिल्या आणि कुणी लिहिलंय हे न सांगता इतरांकडून गुण घेतले. पाचपैकी सरासरीत पुरुष पुढे होते ते फक्त ०.११ नं. पण नंतर लिहिणारी बाई की पुरुष हे सांगून ओळी दाखवल्या आणि कुठली ओळ कुणाची हे आठवायला सांगितलं, तेव्हा गमतीदार ओळी लोकांनी जास्त करून पुरुषांच्या नावावर टाकल्या. ते वाचून मला रडूच आलं. त्या रात्री घरी जाताना आपणच हलक्या मनाच्या आहोत असं वाटत राहिलं होतं.

त्यावर मी दोन गोष्टी करते. विनोदातच माझं नाव येईल अशी वाक्यं लिहिते, म्हणजे नवरा, सासूबाई, बाजारातला भाजीवाला मला नावानं हाक मारतात. दुसरी गोष्ट निवेदनाची. "आता एक ताई येतायत, बघू हसवतात का" अशी ओळख झाली की पहिली पाच मिनिटं परीक्षेत जातात. म्हणून चार ओळींची ओळख मीच लिहून, छापून नेते आणि निवेदकाच्या हातात देते. आढेवेढे घेतले तरी बहुतेक जण वाचतात.

स्वतःच्या अंगावर विनोद करू नका. लोक आग्रह करतील, कारण त्यावर हशा लगेच येतो, कुणी कुणाकडे बघत नाही. मी दीड वर्ष माझ्या वजनावर दहा मिनिटं करत होते. तासगावजवळच्या एका गावात कार्यक्रमानंतर आठवीतली एक मुलगी आली. वही पुढे केली, सही घेतली आणि हळूच विचारलं, "ताई, जाड नसलं तर हे करता येत नाही का?" ती दहा मिनिटं मी त्या दिवसापासून बंद केली. त्या जागी दुसरं काही जमायला चार महिने लागले, आणि त्या काळात दोन सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, हातचे गेले. तरी बरंच झालं.

बारीकसारीक गोष्टी. कॉलरमाईक पदराला लावला तर सळसळ ऐकू येते, पिनेजवळ घडी घट्ट करा किंवा हातात माईक घ्या. हातात घेतला तर त्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा. साऊंडवाल्या दादांना कार्यक्रमाच्या आधी भेटून तुमच्या आवाजावर माईक लावून घ्या. आधीच्या पुरुष निवेदकावर लावलेला असेल तर बाईचा आवाज चिरका येतो, आणि मागची पोरं त्यालाच हसतात.

पोरं ओरडतातही. "लावणी होऊ द्या!" हे मी पाच-सहा ठिकाणी ऐकलंय. रागावून उपयोग नाही, गाव त्यांचं असतं. मी शांतपणे सांगते, "लावणी ही मोठी विद्या आहे दादा. ती शिकलेल्या बायकांचा फड तिकीट काढून बघा. आज इथं विनोद आहे." असं म्हटलं की आयाबाया टाळ्या वाजवतात आणि पोरं गप्प होतात. लावणीला कमी लेखून स्वतःला वर काढू नका. त्या बायकांनी शिट्ट्यांसमोर उभं राहून दाखवलं म्हणून आपल्याला स्टेज मिळालं आहे.

रात्रीची शेवटची एसटी किती वाजता आहे हे आधी बघा, आणि पहिल्या वर्षी कुणीतरी बरोबर न्या. घरचे काय म्हणतात, हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक ठिकाणी विचारतील. माझ्या सहकलाकाराला तो आजवर एकदाही विचारलेला नाही. मी सांगते, "घरचे जेवून झोपलेत," आणि विषय बदलते.

राहिले पैसे. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम संपला की सहकलाकाराच्या हातात पाकीट यायचं, आणि माझी खणा-नारळानं ओटी भरायचे. ओटी भरणाऱ्या बाईचा भाव खरा असतो, तिला नाही म्हणू नये. पण हरिपूरच्या फाट्यावर रिक्षावाला नारळ घेत नाही. म्हणून आता सुपारी घेतानाच फोनवर आकडा ठरवते, निम्मी रक्कम आधी खात्यावर मागते आणि येण्या-जाण्याचा खर्च वेगळा धरते. पहिल्यांदा मागितले तेव्हा समोरचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मी चार आकडे मोजले. "बरं, पाठवतो," म्हणाले.