तापोळा-बामणोलीला बोटीसाठी निघालात? या चुका टाळा

कोयनेचा शिवसागर म्हणजे महाबळेश्वरचा वेण्णा लेक नव्हे, एवढं मनाशी पक्कं करून घरून निघा. वेण्णा लेक हा १८४२ साली बांधलेला, गावालगतचा छोटा तलाव. तिथे जाता जाता अर्धा तास बोटीत बसून येता येतं. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट साठवण आणि डोंगरांच्या कुशीत सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरलेलं पाणी. इथे अख्खा दिवस काढूनच यावं लागतं.

पहिली फसगत नकाशावर होते. 'कोयना धरण' टाकून लोक कोयनानगरला, म्हणजे धरणाच्या भिंतीपाशी पोचतात आणि बोटी कुठे आहेत म्हणून विचारत बसतात. बोटींसाठी जायचं ते महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळ्याला, नाहीतर साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला. कोयनानगरहून तापोळा रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त पडतं, म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत दिवस गेलेला असतो. सप्टेंबरात कासला फुलं असतात. त्या दिवसांत शनिवार-रविवारी बामणोलीला निघालात तर पठारावरच्या गर्दीत अडकाल. तेव्हा मेढ्याच्या बाजूने या.

दुसरी चूक हंगामाची, आणि ती आम्हीही केली आहे. पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. मे महिन्याचं मात्र कोणी सांगत नाही. हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरांकडे जातं आणि उन्हाळाभर पातळी उतरत राहते. ऐन मेमध्ये आम्ही आईला घेऊन गेलो. डिसेंबरात जिथे पायरीवरून बोटीत पाय टाकला होता, तिथून पाणी कितीतरी खाली गेलं होतं. मधे नुसता तांबडा उतार. वरून भेगा पडलेला, कोरडाठाक दिसणारा गाळ, पण काठाजवळ पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. आईची चप्पल त्यात राहिली आणि गुडघाही दुखावला. दोघांनी दोन्हीकडून धरून तिला वर आणलं. म्हणून उन्हाळ्यात जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून एकच प्रश्न विचारा : 'पाणी कुठवर आहे, म्हाताऱ्या माणसाला उतरता येईल का?' बोटवाले खरं सांगतात. माझ्या मते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत या. पाणी भरपूर, डोंगर अजून हिरवे आणि सकाळी पाण्यावर धुकं.

वेळही सकाळचीच धरा. दुपारनंतर वारा सुटला की मधल्या मोकळ्या पाण्यात लाटा उठतात आणि लहान मुलं घाबरतात. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर उशीर चालतच नाही. बामणोलीहून बोटीने तास-दीड तास, पुढे वनखात्याची नोंद, मग जंगलातली चढण आणि उजेड असेपर्यंत परत. हे कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. दहा वाजता बामणोलीत पोचून 'आता सोडा की' म्हणून नाविकाशी हुज्जत घालू नका. वासोटा पुढच्या खेपेला ठेवा आणि त्या दिवशी तापोळ्याच्या बाजूला कोयना, सोळशी आणि कांदाटीचा संगम बघून या.

आता लाईफ जॅकेट. ते मिळतं, पण बरेचजण नुसतं खांद्यावर अडकवतात. घातल्यावर सोबतच्या माणसाला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. पट्टे आवळा, नाहीतर लहान मापाचं मागा. आम्हाला एका ठिकाणी मिळालेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, त्याजागी नायलॉनच्या दोरीची गाठ मारलेली. आम्ही बदलून मागितलं, त्यांनी दुसरं दिलं. मागायला संकोच करू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालून बसवण्यापेक्षा त्या दिवशी बोट रद्द करा. फोटोसाठी सगळे एका कडेला सरकू नका, बोट कलते. बसायच्या आधी माणसं मोजा. भाडं बहुतेक ठिकाणी बोटीमागे असतं, माणसामागे नाही, त्यामुळे पैसे वाचवायला दोन जास्तीची माणसं कोंबायचा मोह होतो. तिथे ठाम राहा. तुम्ही तिघेच असाल तर दुसऱ्या कुटुंबाला विचारून भाडं वाटून घ्या.

पोहायला उतरू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. हा तलाव नाही, बुडालेलं नदीखोरं आहे. काठ चिखलाचा आणि घसरडा, दोन पावलांवर एकदम खोली, आणि तळाशी जुन्या शिवारांचे बांध, झाडांचे बुंधे. धरणासाठी इथली गावंच्या गावं उठली. कुणाचं घर, कुणाचं देऊळ पाण्याखाली गेलं. तुमच्या नाविकाच्या आज्याचं गावही त्यात असेल. त्याला नीट विचारलंत तर तो बोटीतूनच हात करून जागा दाखवेल. म्हणून बोटीत गाणी मोठ्याने लावलेली मला सहन होत नाही.

बाकी बारीकसारीक. पेट्रोल महाबळेश्वर किंवा साताऱ्यालाच भरा. रोख पैसे ठेवा, रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत. घाटात मुलांना उलट्या होतात, तेव्हा निघताना पोटभर खाऊ घालू नका. जेवणाचं बोटीत बसण्याआधीच गावातल्या खाणावळीत सांगून ठेवा, परत येईपर्यंत भाकऱ्या तयार होतात. आणि बोटीत एक रिकामी पिशवी न्या. वेफर्सची पाकिटं वाऱ्याने हातातून उडतात, ती रिकामी झाल्याबरोबर पिशवीत घाला आणि पिशवी गाडीतून घरी आणा.