किडनी ट्रान्सप्लांटनंतर मासे खाताय? या चुका टाळा

नवी किडनी बसून दोन-दोन वर्षं होतात, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) छान असतं, तरी काही घरांत बांगडा उंबरठ्याबाहेरच राहतो. किडनी निकामी होत असताना केलेली प्रोटीनची काटकसर आणि डायलिसिसच्या काळातली पोटॅशियम-फॉस्फरसची धास्ती अंगवळणी पडलेली असते. ते पथ्य जुन्या किडनीचं होतं. रिपोर्ट ठीक असतील आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर मासे तोडणं हीच पहिली चूक. ट्रान्सप्लांटनंतरच्या वर्षांत हृदयविकार हे मृत्यूचं एक मोठं कारण असतं, आणि नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या स्टेरॉइड, टॅक्रोलिमस यांसारख्या गोळ्यांनी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल वाढायला हातभारच लागतो. मटणाच्या जागी आठवड्यातून दोनदा तारली, बांगडा किंवा पेडवे आले तर चांगलंच.

याच्या उलट टोकाची माणसंही असतात. मासे चांगले म्हणून फिश ऑइलच्या कॅप्सूल स्वतःच सुरू करतात. नॉर्वेत २०१६ साली छापलेल्या अभ्यासात ज्या ट्रान्सप्लांट पेशंटच्या रक्तात सागरी ओमेगा-३ (माशांतून मिळणारं फॅट) जास्त होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. पण मासे खाणारा माणूस एरवीही जपून राहत असेल, त्यामुळे सगळं श्रेय माशाला देता येत नाही. तिथेच पुढे कॅप्सूल देऊन चाचणी झाली, तेव्हा किडनीचं काम काही सुधारलं नाही. कॅप्सूलचे पैसे मासळी बाजारात खर्च करा, असं माझं मत.

आता खाडीकडे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहून तिसऱ्या आणि कालवं आवडत नाहीत असा मासेखाऊ विरळा. पण हे शिंपल्यातले जीव खाडीचं पाणी गाळून जगतात, आणि आपल्या खाडीत कारखान्यांचं आणि शहराचं काय काय उतरतं ते सांगायला नको. पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. त्यात आपली पद्धत अशी की तिसऱ्या विळीवर उघडून एकशिपी करायच्या (म्हणजे मांस एका शिंपेतच ठेवायचं), नाहीतर वाफेवर शिंप उघडली की गॅस बंद. शिंप उघडणं म्हणजे आतलं मांस शिजणं नव्हे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला यातून लागलेले जुलाब कित्येक आठवडे पिच्छा सोडत नाहीत. शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी उलट वाढू शकते. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिनही चढतं. म्हणून कालवं-तिसऱ्या सोडलेल्याच बऱ्या. पोट बिघडलंच, तर दोन दिवस वाट न पाहता ट्रान्सप्लांट टीमला फोन करा आणि टॅक्रो लेव्हल तपासायची का ते विचारा. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका. पोट दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की डब्यातलं सुकं बाहेर निघतं. सोडे, सुकट, खारा बांगडा. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा खातो. भिजवून पाणी फेकलं तरी सगळं मीठ जात नाही. बीपी चढतं, पाय सुजतात, आणि मग दोष नव्या गोळीला दिला जातो. गटारीच्या ताटात तर सुकं, तळलेलं आणि कालवण एकत्रच येतं.

सुरमई, मोरी, कुपा यांच्यात पारा जास्त साठतो, तेव्हा रोज सुरमईची तुकडी नको. बोंबील, मांदेली आहेत की. सोलकढीतल्या नारळाच्या दुधात पोटॅशियम असतं, आणि टॅक्रोलिमसनेही ते वाढतं. रिपोर्टमध्ये वाढलं असेल तर वाटी लहान करा. पपनस मात्र नकोच, त्याने गोळीची पातळी बिघडू शकते.

बांगडा ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या पाटीवरून घेत असाल तर तो दिवसभर बर्फात होता का ते आधी बघा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळूनही जात नाही. पहिल्याच घासाला जिभेवर मिरमिर झाली, तर ताट बाजूला सारा. थोड्याच वेळात चेहरा लाल होऊन डोकं ठणकायला लागू शकतं.

साफसफाई पेशंटने करू नये. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात मावशी कापून देतात, ती दहा-वीस रुपयांची सोय घ्या. घरी करायचंच झालं तर हातमोजे घाला. काटा रुतला की हळद दाबून मोकळं होणारे पुष्कळ. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि जागेवर लक्ष ठेवा. लाली पसरू लागली, बोट सुजलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र झाली असली तरी. जाताना चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या, कारण काही अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तुम्ही ट्रान्सप्लांटचे पेशंट आहात हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.