जुन्या इंजिनात डिकोडर बसवण्याआधी

मॉडेल रेल्वेत अॅथर्न कंपनीची निळ्या खोक्यातली जुनी एचओ (१:८७ मापाची) डिझेल इंजिनं डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट, बसवायला फार चांगली. आत जागा आहे, यंत्रणा साधी आहे. पण ती साध्या डीसीसाठी (रुळांवरचं व्होल्टेज कमीजास्त करून चालवण्यासाठी) घडवलेली, डिकोडरसाठी सॉकेट नाही, म्हणून प्रत्येक वायर आपल्यालाच जोडायची. सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी पुढचं सगळं उरकून घ्या.

इंजिन आहे तसं डीसीवर चालवून बघा. अडखळत असेल तर चाकं आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या पुसा, गिअरमधलं सुकलेलं ग्रीस काढा. हे दोष डिकोडरने जात नाहीत, उलट शोधणं अवघड होतं. मग १२ व्होल्टवर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेतून सिरीजमध्ये लावा आणि फ्लायव्हील क्षणभर बोटांनी धरा. मोटर अडल्यावर जो करंट दिसेल, तो सोसणाराच डिकोडर घ्या. एचओचे पुष्कळ डिकोडर १ ते १.५ अँपिअरचे असतात. आकडा त्यापलीकडे गेला तर कम्युटेटर (मोटरला वीज देणारे ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) साफ करून पुन्हा मोजा, तरीही उतरला नाही तर मोटर बदललेली बरी.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. या इंजिनांत एका रुळाची वीज धातूच्या चौकटीतून थेट मोटरच्या खालच्या ब्रशला पोचते, कारण त्या ब्रशच्या क्लिपचे दोन छोटे दात चौकटीवर टेकलेले असतात. डिकोडरला मोटरची दोन्ही टोकं रुळांपासून पूर्ण सुटी लागतात. एक जरी चौकटीला लागून राहिलं तर रुळावरची वीज डिकोडरच्या मोटरकडच्या बाजूने आत शिरते आणि तो जळतो. म्हणून मोटर बाहेर काढा, दात कापा किंवा दाबून सपाट करा, खाली कॅप्टॉन टेप लावा. साधी इन्सुलेशन टेप नको, उष्णतेने तिचा गोंद सुटतो. मोटर परत बसवून मीटर बीपवर ठेवा आणि दोन्ही ब्रश चौकटीशी व दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा, फ्लायव्हील फिरवत. कुठेही बीप आला तर पुढे जाऊ नका. हेडलाइटचा दिवाही चौकटीवरच टेकलेला असतो, तोही सोडवा.

वायरींचे रंग कागदावर लिहून समोर ठेवा: लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी मोटरच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन. एलईडी लावणार असाल तर साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर हवा. रोझिनवालं सोल्डर आणि हीट श्रिंक ट्यूब हाताशी असू द्या. आम्लाचा फ्लक्स टेबलावरही नको.

प्रोग्रामिंग ट्रॅकही, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचायला-बदलायला ठेवलेला वेगळा रूळ, आधीच जोडून ठेवा. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता मोठी. नव्या डिकोडरचा पत्ता (ज्या क्रमांकाने त्याला आदेश जातात तो) बहुधा ३ असतो. तो वाचता आला की मगच इंजिन मुख्य रुळावर न्या. पत्ता वाचला गेला नाही तर पुन्हा मीटर हातात घ्या, आणि तोवर वरचं कवच बाजूलाच राहू द्या.