कामावर सारखा पालटणारा मूड: मला लागू पडलेला उपाय

वेंगुर्ल्यातील एका काजू कारखान्यात मी प्रतवारीची देखरेख करतो. सकाळी उत्साह, दुपारी ३२० नंबरच्या, म्हणजे अख्ख्या काजूंच्या प्रतीतल्या, गरांत तुकडे दिसताच संताप आणि संध्याकाळी राजीनाम्याचे विचार, असे रोजचेच झाले होते. चहा कमी करणे, गप्प राहणे, पहाटेची प्रार्थना लांबवणे यांपैकी कशानेही फरक पडला नाही. जीव मेटाकुटीला आला होता.

गुण आला तो येशूसंघ या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या, १५४८ साली छापल्या गेलेल्या साधनाग्रंथातील एका नियमाने: मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

आता मन बिघडल्याचे जाणवताच मी प्रथम हातातला ट्रे खाली ठेवतो. मग बायबलमधील ४२ व्या स्तोत्राचा कर्ता आपल्याच जिवाला ‘तू का खिन्न झालास?’ असे विचारतो, तो प्रश्न मनात म्हणतो. राग, भीती की नुसता थकवा, हे देवापुढे स्पष्ट सांगतो आणि त्यानंतरच कामगार ताईंशी बोलतो. नोकरीविषयीचा कोणताही निर्णय दुसऱ्या सकाळपर्यंत घेत नाही. रात्री दिवसाची उजळणी करताना आधी आभार, मग प्रकाशाची याचना, घडलेल्याचे स्मरण, क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा संकल्प, हाच क्रम ठेवावा. आभार मागे टाकले, तर मन चुकांतच घुटमळते. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांचा सल्लाही अवश्य घ्यावा.