प्रतिबंधित शस्त्रांच्या वापरानंतर राजनयिक प्रतिसाद कसा आखावा

युद्धात विषारी वायू किंवा क्लस्टर बॉम्ब (हवेत फुटून असंख्य छोटे बॉम्ब विखुरणारे अस्त्र) वापरल्याची बातमी आली की परराष्ट्र मंत्रालयाकडे तत्काळ निषेधाची मागणी होते. तरीही मसुदा हाती घेण्यापूर्वी ते शस्त्र कोणत्या कराराने निषिद्ध आहे आणि आरोप असलेला देश त्या कराराने बांधलेला आहे का, हे पाहावे. १९९७ पासून अमलात असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार जवळजवळ सर्व देशांनी स्वीकारला आहे; क्लस्टर बॉम्बवरील २००८ चा करार मात्र अमेरिका, रशिया व चीन यांनी मान्य केलेला नाही. अशा देशाविरुद्ध करारभंगाचा आरोप टिकत नाही, तेथे नागरिकांवर अंदाधुंद मारा करण्यास असलेल्या मनाईचा आधार घ्यावा.

त्यानंतर तपासाची मागणी करावी, आणि ती लगेच करावी. सरीन हा मज्जासंस्थेवर आघात करणारा विषारी वायू लवकर उडून जातो; त्याच्या विघटनातून उरलेली द्रव्ये मातीत आणि बाधितांच्या रक्तात सापडतात, पण प्रत्येक दिवसागणिक पुरावा क्षीण होत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे कोणताही सदस्य देश अशा तपासाची विनंती करू शकतो आणि त्यासाठी सुरक्षा परिषदेत मतदान लागत नाही. ही वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही. नमुन्याची बाटली कोणी भरली, कोणी मोहोरबंद केली आणि ती कोणाकोणाच्या हाती गेली, याची अखंड नोंद आपल्या टिपणात आग्रहाने मागावी, कारण पुढे आरोपी देश याच नोंदीतील खंडावर बोट ठेवतो.

निवेदनात क्रियापद जपून वापरावे. ‘वापर झाला’ आणि ‘अमुक देशाने वापर केला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाच्या राजधानीजवळील घौटा येथील हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने सरीनचा वापर सिद्ध केला, परंतु दोषी ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणून पुराव्याने पहिले विधान पेलले असेल तेव्हा ते निःसंदिग्धपणे करावे आणि दुसऱ्यासाठी स्वतंत्र यंत्रणेची मागणी करावी. दोषीचे नाव कायमचे टाळणे मात्र मला अन्यायाचे वाटते. इराण-इराक युद्धात, १९८४ मध्ये, इराणमध्ये मस्टर्ड हा त्वचा व फुप्फुसे भाजणारा वायू वापरल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यावरही सुरक्षा परिषदेने निषेध करताना इराकचे नाव घेतले नाही, आणि चार वर्षांनी इराकमधील हलब्जा शहरावर इराकनेच केलेल्या वायुहल्ल्यात हजारो माणसे गुदमरून मेली.

सुरक्षा परिषद नकाराधिकाराने अडली, तर व्यासपीठ बदलावे. सीरियातील हल्ल्यांचे दोषी ठरवणारी संयुक्त राष्ट्रे व रासायनिक शस्त्रबंदी संघटना यांची संयुक्त यंत्रणा २०१७ मध्ये रशियाच्या नकाराधिकारामुळे बंद पडली. तेव्हा अनेक देशांनी द हेग येथे रासायनिक शस्त्रबंदी संघटनेच्या सदस्य देशांची विशेष बैठक बोलावली आणि जून २०१८ मध्ये बहुमताने दोषी ठरवण्याचा अधिकार त्या संघटनेला मिळवून दिला. तिच्या अहवालांनंतर एप्रिल २०२१ मध्ये तेथील सीरियाचा मतदानाचा हक्क स्थगित झाला. अशा मतदानापूर्वी प्रत्येक राजधानीशी स्वतंत्रपणे बोलावे लागते, त्यासाठी काही आठवडे राखून ठेवावेत.

या साऱ्या काळात बाधितांसाठी अॅट्रोपिन (सरीनसारख्या विषावरील उतारा), संरक्षक साहित्य आणि डॉक्टर पाठवण्याचा प्रस्ताव पहिल्याच निवेदनात असावा. तपासाच्या निष्कर्षाची वाट पाहत तो रोखून धरू नये.