स्टेप फाइलमधील घनाकृतीची फीचर्स कशी ओळखावीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ग्राहकाकडून येणाऱ्या स्टेप फाइलमध्ये (त्रिमितीय आराखड्याच्या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये) बहुधा केवळ पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू असतात; भोक कोणते आणि खाच कोणती, म्हणजेच भागाची फीचर्स कोणती, हे त्यांवरूनच ताडावे लागते.

प्रथम फिलेट (कडांना दिलेली गोलाई) वेगळे काढावेत, कारण ते मूळ कडा झाकून टाकतात. त्यानंतर प्रत्येक कडेशी मिळणाऱ्या दोन पृष्ठांमधील, धातूच्या बाजूने मोजलेला कोन पाहावा: तो १८० अंशांपेक्षा कमी असल्यास कड बहिर्वक्र, जास्त असल्यास अंतर्वक्र. सपाट तळाभोवतीच्या सर्व कडा अंतर्वक्र असून भिंती वर उघड्या असतील तर तो पॉकेट (खळगा) होय. समोरासमोरच्या दोनच कडा तशा असतील तर आरपार स्लॉट (खाच), आणि एकच असेल तर स्टेप (पायरी). पृष्ठे आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचा असा आलेख (जोडणीचे जाळे) मांडून फीचर्स शोधण्याची पद्धत संशोधक जोशी आणि चँग यांनी १९८८ मध्ये मांडली.

दंडगोलाकार पृष्ठाचा बाह्य लंब (धातूतून बाहेर जाणारी लंब दिशा) अक्षाकडे वळलेला असेल तर ते भोक, अक्षापासून दूर जात असेल तर बॉस (गोल उंचवटा). एकच भोक पुष्कळदा दोन अर्धदंडगोल पृष्ठांत विभागलेले आढळते. अक्ष आणि त्रिज्या समान असल्यास ती एकत्र धरावीत, अन्यथा भोकांची संख्या दुप्पट भरते.

ओतीव भागांत मात्र ड्राफ्टमुळे (साच्यातून सहज सुटावे म्हणून दिलेल्या उतारामुळे) दंडगोल शंकूसारखा होतो, म्हणून केवळ दंडगोल शोधणारी आज्ञावली कोअरने (साच्यात ठेवलेल्या गाभ्याने) घडलेली भोके सहज वगळते. माझ्या मते येथे डोळ्यांनी केलेली तपासणी टाळू नये.